काकांचा आकडा शून्यावर येईना

पटो न पटो, हे खरं आहे. माझ्या सख्ख्या बहिणीसोबत घडलंय. गेल्या मंगळवारी, भर दुपारी, तिच्या ऑफिसच्या तळमजल्यावरच्या टेस्टिंगच्या खोलीत.

ताई दवाखान्यातल्या श्वासाच्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहिते. त्यातला कॉम्प्युटर तातडीचं काम आलं की चालू काम मधेच थांबवतो. पण काही कामं मधे तोडायची नसतात. पेशंटला श्वास देणं हे त्यातलंच. तसं काम चालू असलं की एक आकडा ‘एक’ होतो, संपलं की शून्य. आणि तो शून्य होईपर्यंत कॉम्प्युटर ते काम तोडत नाही.

ही मोजणी काकांनी लिहिलेली. काका म्हणजे ऑफिसातले सगळ्यांत जुने. सावकाश बोलायचे, मधे मधे खोकायचे. साहेबांना तेवढा धीर कुठला?

“ही मोजणी काढू नका, कारण…” मीटिंगमध्ये काका म्हणाले.

“नंतर, काका, नंतर!”

त्याच दुपारी काका खुर्चीतच गेले.

आठवडा उलटला नाही तोच साहेबांनी ते काम ताईच्या गळ्यात मारलं. “मोजणीत वेळ जातो. उडव ती.”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकरीचा प्रश्न होता. तिने काम हाती घेतलं.

मंगळवारी तिने मशीन चालू करून पाहिलं. सगळी कामं संपली…

आकडा एक.

मशीन बंद केलं. परत चालू केलं.

…एक.

आणि पाठीमागे कोणीतरी खोकलं.

खोलीत ती एकटीच होती.

ताई घाबरली नाही, भडकली. तडक वर जाऊन साहेबांना खाली घेऊन आली. “इथे कोणाचं तरी काम अजून संपलेलं नाही. मी मोजणी काढणार नाही. काय करायचं ते करा!”

“सरक.” साहेबांनी स्वतःच ती काढली. मशीनचा पंप झपाझप श्वास घेऊ लागला. “बघ, किती सोपं हो…”

आणि साहेब थांबले.

तोंड उघडं. पापणी हलेना. पंपही अर्ध्या श्वासावर अडकला.

…खोकला. अगदी साहेबांच्या कानाशी.

“बोला, काका!” ताई किंचाळली. “आता कोणी तोडणार नाही!”

मग कोणीतरी हळूहळू बोलत राहिलं. शब्द कळले नाहीत. बऱ्याच वेळाने पंपाने श्वास सोडला.

“…तं,” साहेब म्हणाले. मधे काही झालंय याचा त्यांना पत्ताही नव्हता.

ताईने तिथेच राजीनामा तोंडावर फेकला. मशीन्स मात्र मोजणीशिवाय दवाखान्यांत गेली. मला त्या माणसाचा भयंकर संताप येतो. आता मधेच कोण थांबलंय, हे कळायची सोयच उरलेली नाही.

काल ताईचा फोन आला होता. “मी बरी आहे रे, तू काळजी क…”

पुढे काहीच नाही. श्वाससुद्धा नाही. मी घसा फोडून हाका मारत होतो.

“…रू नकोस,” ताई म्हणाली. “अरे, ओरडतोस काय?”

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.