पार्निथावरचे रविवार

धुक्यात बाबा हरवले आणि मला अर्गिरिस सापडला. त्या दिवशी मात्र यातलं पहिलंच तेवढं मला कळत होतं.

ऑक्टोबरातला रविवार होता. माझ्या बाबांनी, स्ताथिसनी, चाळीस वर्षं अथेन्समध्ये बस चालवली. आता त्यांना स्वतःच्या घराचा रस्ताही आठवत नसे. शहराजवळच्या पार्निथाचं जंगल मात्र आठवायचं. म्हणून मी त्यांना डोंगरावर घेऊन गेले. विश्रामघरातून कॉफी घेऊन बाहेर आले, तर बाक रिकामा.

मी हाका मारत सुटले. फरच्या झाडांमधून धुकं नुसतं वाहत होतं — दहा पावलांपलीकडचं दिसेना. दीड तासानं त्या पांढऱ्यातून दोघं चालत आले. वनरक्षकाचा कोट घातलेले माझे बाबा, आणि नुसत्या स्वेटरवर कुडकुडणारा एक उंच माणूस. बाबा त्याला मानोस म्हणत होते. मानोस त्यांचा लष्करातला दोस्त, वारून कितीतरी वर्षं झालेला. आणि तो अनोळखी माणूस निवांतपणे ‘हो रे, हो’ करत होता.

मला रडू कोसळलं. आभार मानायचे राहूनच गेले.

ते मानायला पुढच्या रविवारी गेले, अक्रोडाचा केक घेऊन. त्याच्या पुढच्या रविवारी केकचा डबा परत आणायला. मग... कारणं सापडत गेली. बाबा हरणं बघत बसायचे. आम्ही बाबांकडे बघत असल्यासारखं दाखवायचो.

“कितव्यांदा आभार मानताय?” एकदा अर्गिरिसनं विचारलं.

“केक आवडत नसेल तर तसं सांगा.”

“केक ठीक आहे. जरा कोरडा असतो.” तो थांबला. “पण सोमवारपासूनच रविवारची वाट बघतो मी... ती काही केकसाठी नसावी.”

मी डब्याचं झाकण उगाच दोनदा लावलं. कान तापले होते.

डिसेंबरात, बर्फ भुरभुरत असताना, त्यानं सांगितलं की उत्तरेला, त्याच्या गावाजवळ, बदली मंजूर झालीय. आठ दिवसांत हो-नाही कळवायचं होतं. अर्ज त्यानंच केलेला, दोन वर्षांपूर्वी.

“तेव्हा इथं माझं कुणी नव्हतं,” तो म्हणाला.

अशा वेळी हसून शुभेच्छा द्यायच्या असतात. माझ्या ओठांवर त्या आल्याही. पण शेजारी बाबा त्याच्या खांद्याला टेकून डुलकी घेत होते, आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून तो केव्हापासून जराही हलला नव्हता.

“जाऊ नका,” मी म्हणाले. “बाबा कायम माझ्याबरोबरच राहणार. त्यांना सोडून मी कुठं जायची नाही. म्हणजे तुम्हाला एकटी मी काही मिळायची नाही... तरीसुद्धा, जाऊ नका.”

त्यानं दातांनी हातमोजा ओढून काढला आणि माझा गार हात हातात घेतला.

“बाबांना मी आधी भेटलोय, मिर्तो. तू नंतर आलीस.”

मे महिन्यात, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या लहानशा चर्चमध्ये आमचं लग्न झालं. बाबांनी नवरदेवाला तीनदा नाव विचारलं. तिन्ही वेळा त्यांना जावई पसंत पडला आणि तिन्ही वेळा त्यांनी त्याला मिठी मारली. लेकीच्या लग्नाचा आनंद एकाच दिवसात तीनदा भोगणारा बाप किती जणींना मिळतो?