कच्च्या फोल्डरमधली टाळी

सकाळचे अकरा वाजले असतील. खोलीत लख्ख ऊन होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर पुसत होतं. घाबरावं असं काहीही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी बायको अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. आतल्या खोलीत, दाराखिडक्यांवर जाड पांघरुणं टांगून. ती वाचायची, मी कॉम्प्युटरवर चुका कापायचो. बावीस वर्षं आमचा हाच संसार. वाचताना चुकली की ती एकदा टाळी वाजवायची, मनात तीनपर्यंत मोजायची आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायची. टाळीमुळे पडद्यावर आवाजाच्या रेषेत उंच टोक उमटायचं, मला चूक शोधत बसावं लागायचं नाही. "आळशी माणसाची सोय केलीय," म्हणायची.

मूळ वाचन 'कच्चं' नावाच्या फोल्डरमध्ये, कापून साफ केलेलं 'पक्कं'मध्ये.

ती गेली त्याला सात महिने झाले. शेवटचं पुस्तक तिने धापा टाकत पुरं वाचलं होतं. कापायचं मीच टाळत होतो. त्या दिवशी एकदाचं संपवलं, सेव्ह करायला गेलो, तर डिस्कवर जागाच नाही. मुलीला फोन लावला.

"बाबा, सगळ्यात जड काय आहे त्यात?"

"कच्चं."

"ते सगळं पक्क्यात आलंय ना?"

"आलंय."

"मग टाक काढून. रिसायकल बिन पण रिकामी कर, नाहीतर जागा व्हायची नाही."

"टाकू ना?... नक्की?"

"अरे बाबा, चुकाच तर आहेत त्या."

"बरं. टाकतो," म्हणालो, आणि टाकलं.

पुस्तक सेव्ह झालं. सहज म्हणून पक्क्यातली एक फाइल लावली. तिचा आवाज आला. स्वच्छ, कुठेही अडखळ नाही. दहा मिनिटं ऐकलं आणि लक्षात आलं. चुकल्यावर ती स्वतःलाच हसायची, मधेच "अहो, गॅस बंद केलात का?" म्हणून ओरडायची, शेवटी शेवटी "थांबा हं जरा" म्हणायची. त्यातलं काहीच नव्हतं. ते मीच माझ्या हाताने बावीस वर्षं कापत आलो होतो. पक्क्यात नुसती पुस्तकं होती. माझी बायको कच्च्यात होती.

ओक्साबोक्शी रडलो.

डोळे पुसून पाहिलं तर मघाशी दोनशे जीबी मोकळी झालेली जागा एकशे नव्वदवर आली होती. बघता बघता एकशे एकोणनव्वद. कच्चं उघडलं. मी आतलं सगळं काढलं होतं, तरी आत एक फाइल होती. आजच्या तारखेची. आणि ती वाढत होती.

माइक तर मी सात महिन्यांपूर्वीच गुंडाळून कपाटावर ठेवला होता.

हेडफोन लावले. आधी आतल्या खोलीचा तो दबका, पांघरुणांतला आवाज. मग माझं बोलणं. "टाकू ना?... नक्की?" मग "बरं. टाकतो." माउसची टिकटिक.

आणि टाळी.

एकच. अगदी जवळून. मी नकळत मोजायला लागलो. एक... दोन... तीन...

मग ते वाक्य पुन्हा आलं, माझ्याच आवाजात.

"नको बाळा. असू दे तिचं."

हे मी म्हणालो नव्हतो. म्हणायला हवं होतं.

ती फाइल अजून वाढतेय. मी तिला हात लावलेला नाही. अंधांच्या वाचनालयाकडे प्रती आहेत, म्हणून रोज पक्क्यातलं एकेक पुस्तक काढतो आणि तिला जागा करून देतो. काल शेवटचं काढलं. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"कसा आहेस रे बाबा?"

"मजेत आहे गं. माझी काळजी करू नकोस."

कॉम्प्युटर बंद होता. हेडफोन टेबलावर होते.

पलीकडून मुलगी अगदी हळू म्हणाली, "बाबा... टाळी कुणी वाजवली?"

मी तीनपर्यंत मोजत होतो.