जड दिशेची शर्यत

"डॉक्टर, खरं सांगा हं. शर्यतीच्या दिवशी आमच्या गटातलं सगळ्यात आधी कोण कोसळणार?"

कृत्तिकाने विचारलं मात्र, पर्णा आणि बाकीच्या मुलींनी पटकन तोंडं फिरवली. पैज त्यांनीच लावली होती. "तुझ्यात हिंमतच नाही विचारायची," म्हणाल्या होत्या. आणि दहावीत गेल्यापासून कृत्तिकाला एक नवीन खोड लागली होती. हिंमत नाही असं कुणी म्हणालं, की ती गोष्ट करूनच दाखवायची!

मुलांची सकाळची धाव नुकतीच संपली होती. शाळेच्या फाटकापाशी सगळी जमिनीवर आडवी झाली होती. कुणी पोटऱ्या चोळत होतं, कुणाला बूट काढायचाही कंटाळा आला होता. डॉ. शिरीन मुजावर रक्तदाबाचा पट्टा घेऊन एकेकापाशी वाकत होत्या.

"मीच कोसळेन," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्यापुढे वाकून वाकून कंबर बोलायला लागलीय माझी."

सगळे हसले, पण हसणंसुद्धा दमलेलं होतं.

"असं नाही चालणार डॉक्टर. नाव सांगा."

"तू नाही कोसळणार. पुरे झालं एवढं." डॉक्टर पट्टा घेऊन पुढच्या माणसाकडे वळल्या. तो पुढचा माणूस म्हणजे कृत्तिकाचे बाबा, जयसिंग भोईटे. मोठ्यांचा गट मुलांनंतर पळायचा, म्हणून ते आणि आई निघायच्या तयारीत उभे होते. बाबांनी हात पुढे करायच्या ऐवजी एकदम खाली बसून बुटाची नाडी बांधायला घेतली.

"आमचं नंतर बघा, डॉक्टर. चला अलका, उशीर होतोय."

खरं तर दमले सगळेच होते. नुसते पळणारे नाहीत, अख्खं गाव दमलं होतं.

या गावाला सरकारी दप्तरात लांबलचक नाव होतं, पण राहणारे त्याला 'कडं' म्हणायचे. पृथ्वीभोवती फिरणारं एक भलंमोठं पोकळ कडं, आणि त्याच्या आत राहणारी माणसं. पाण्याने भरलेली बादली हात ताठ ठेवून गरगर फिरवली, तर ती डोक्यावर आली तरी पाणी सांडत नाही, तळाशी दाबून राहतं. कड्यातली माणसं म्हणजे ते पाणी आणि कड्याची बाहेरची भिंत म्हणजे त्यांची जमीन. कडं स्वतःभोवती जितकं जोरात फिरणार, तितकं माणसाला वजन जास्त. एरवी ते सावकाश फिरायचं, त्यामुळे पृथ्वीवरच्या निम्म्याहून कमी वजनात सगळ्यांचं मजेत चाललेलं असायचं.

पण खाली पृथ्वीवर उतरायचं तर पूर्ण वजन पेलायला हवं ना! म्हणून दर तीन वर्षांनी, जहाज यायच्या आधी, 'उतरणीची शर्यत' व्हायची. त्यात नंबर वगैरे काही नाही. न थांबता, न पडता जो पुरी करेल, त्याला खाली जायची परवानगी. त्या तयारीसाठी कड्याचा वेग रोज थोडा थोडा वाढवायचे. गंमत अशी की कड्यात एकट्या माणसाचं वजन वाढवता येत नाही. वाढलं की सगळ्यांचंच वाढतं. पळणारे मूठभर, आणि त्यांच्यापायी दळण आणणाऱ्या बाया, वर्गात फळा पुसणारे सर, पाळण्यातली पोरं, सगळे जड. शर्यतीला आता आठवडा उरला होता आणि कड्यात जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं बसलेली दिसायची. नुसतीच.

"झाली का गं तुमची शर्यत?" शेजारच्या लीलामावशी रोज दारातून विचारायच्या. "दोन पावलं टाकली तरी गुडघे शिव्या देतात मला."

"आठवडाभर कळ काढा मावशी!"

"तू आपली उंडारतेस हरणासारखी. काय खातेस काय?"

ते मात्र खरं होतं. कृत्तिकालाही थकवा यायचा, रात्री पाय ठणकायचे, पण सकाळी उठलं की परत पळावंसं वाटायचं. पूर्वी खेळाच्या तासाला मागे लपणारी मुलगी आता गटात सगळ्यांच्या पुढे असायची. आणि पुढे असलं की बरं वाटतं, त्यात लपवायचं काय?

दुसऱ्या दिवशी मुलांच्या फेऱ्या संपल्या तेव्हा ती थांबलीच नाही. पर्णा ओरडली, "ए, कुठे चाललीस? वेड लागलं का काय?" तिने नुसता हात हलवला. त्या दिवशी मोठे लोक मुलांची शेवटची फेरी संपायच्या आधीच निघाले होते. आपण मागून जाऊन आई-बाबांना गाठायचं आणि "बाजूला व्हा आजोबा!" असं ओरडून पुढे निघून जायचं, असा तिचा बेत होता.

ती जड दिशेने पळत होती. शर्यत याच दिशेने असते. कडं ज्या बाजूला फिरतं त्याच बाजूला आपणही पळालो, तर कड्याच्या वेगात आपला वेग मिळतो आणि वजन आणखी वाढतं. ही जड दिशा. उलट्या बाजूला पळालो तर आपला वेग कड्याच्या वेगातून वजा होतो, आणि माणूस जितका जोरात पळेल तितका हलका होतो. ती हलकी दिशा. सरावाच्या दिवसांत त्या दिशेने पळायला सक्त मनाई होती. तसंही तो बाळांचा खेळ. ती दुडदुडत पळतात आणि उंच उंच उड्या मारतात.

भाजीच्या वाफ्यांपर्यंत पोचली तरी पुढे कुणाची पाठ दिसेना. कृत्तिकाच्या मांड्या भरून आल्या. श्वास घशात खरखरायला लागला. कड्यात रस्ता नेहमी समोर वर चढत गेल्यासारखा दिसतो, आणि छताखालून लांबची माणसं आधी पायांकडून दिसायला लागतात. तिला दोन जोड्या पाय दिसले. ते तिच्याकडेच येत होते.

आई-बाबा होते. दोघं हलक्या दिशेने पळत होते. लांब लांब झेपा टाकत, जवळजवळ तरंगत. आईची वेणी मानेच्या वर उडत होती. आणि ती हसत होती! बाबा काहीतरी बोलत होते आणि आई खळखळून हसत होती. कितीतरी दिवसांत कृत्तिकाने आईला असं पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी तिला पाहिलं आणि ते थांबले.

थांबल्याबरोबर वजन परत आलं. वेणी पाठीवर आदळली. आईचे खांदे खाली गेले, गाल ओघळल्यासारखे झाले. बाबांनी वाफ्याचा कठडा धरला आणि ते धरूनच राहिले. कृत्तिकाही थांबली होती. फक्त तिचं उलटं झालं. जड दिशेने पळताना अंगावर आलेलं वजन उतरलं आणि तिला एकदम मोकळं वाटलं. त्याची तिला लाज वाटली.

"हे... हे उलटं का पळताय तुम्ही?"

"जरा पाय मोकळे करत होतो गं," बाबा धापा टाकत म्हणाले. "तू जा. शाळा आहे ना तुझी?"

 आईच्या ओठांचा रंग कृत्तिकाला आवडला नाही.

शाळेत न जाता ती तडक दवाखान्यात गेली.

"त्यांना जमणार नाही ना?" दारातूनच तिने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुला सांगायचं नाही, असं वचन घेतलंय त्यांनी माझ्याकडून."

"तुम्ही नाही सांगितलं. मी पाहिलं. आता समजावून तरी सांगा."

डॉक्टरांनी एक खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "बस. हाड म्हणजे दगड नव्हे, कृत्तिका. रोज थोडं झिजतं, रोज थोडं नव्याने बांधलं जातं. किती बांधायचं, ते अंगावर किती भार पडतो त्यावर ठरतं. हृदयाचंही तसंच. तुझे आई-बाबा काम कुठे करतात?"

"तुंब्यात." बैलगाडीच्या चाकाच्या मधल्या भागाला तुंबा म्हणतात, बाबांनीच ते नाव कड्याच्या मध्यभागाला दिलं होतं. कडं फिरवणारी यंत्रं तिथे होती. मधोमध असल्यामुळे तिथे वजन जवळजवळ नसायचंच.

"तू जन्मलीस त्याच्या आधीपासून ते तिथे आहेत. कडं फिरत राहावं, पोरांना वजन मिळावं, म्हणून ते दिवसभर बिनवजनाचे राहिले. त्या वयात गेलेलं हाड पुरतं परत येत नाही. तुझं वाढतं अंग आहे. लहानपणापासून शाळेत जड दिशेने पळवतात तुम्हाला. तुझी हाडं भाराला बघून बघून घडलीत."

"पण ते पृथ्वीवरचे आहेत! मी इथली. मला जड जायला हवं ना?"

"आम्हालाही तीच भीती होती. ज्या पोरांनी जमीन पाहिली नाही, त्यांना जमीन पेलेल का? तुमच्यासाठी एवढी सगळी तयारी केली." डॉक्टर थकलेलं हसल्या. "झालं भलतंच. तुम्ही उतरू शकता. आम्ही नाही."

"आम्ही? म्हणजे तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

कृत्तिका बराच वेळ पट्ट्याच्या नळीशी चाळा करत राहिली. "ते शर्यत पळाले तर काय होईल?"

"बाबांचं हृदय बहुतेक अर्ध्यातच साथ सोडेल. आई कदाचित पुरी करेल, पण जहाज उतरताना जे वजन येतं ते तिला झेपणार नाही. दोघांनाही सांगून झालंय माझं. ते म्हणतात, आम्ही नाव मागे घेतलं तर पोरगी पण जाणार नाही. एकदाच पळायचंय, दात-ओठ खाऊन पळू."

"आणि मी नाव मागे घेतलं तर?"

"तर तीन वर्षांनी पुन्हा पळतील. आणखी तीन वर्षांनी म्हातारे होऊन."

"मग तुम्हीच थांबवा ना त्यांना!"

"मोठ्या माणसांना मला थांबवता येत नाही. मी फक्त मोजते. खाली तुझी आत्या आहे ना, फलटणला?"

"आहे." कृत्तिकाने डॉक्टरांकडे पाहिलं. "तिथून मी परत वर येऊ शकेन ना?"

"येशील की. पण मोठी झाल्यावर राहायला आलीस तर हळूहळू त्यांच्यासारखीच होशील. मग जमीन सुटेल. कुठलं तरी एक धरावं लागेल, बाळ."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा भिंतीला टेकून बसले होते, पाय लांब करून. आई पोळपाटावर दोन्ही हात ठेवून नुसतीच उभी होती. लाटणं हातात होतं, पण चालत नव्हतं. कृत्तिकाने ते काढून घेतलं आणि उरलेल्या पोळ्या लाटल्या. कुणी नको म्हणालं नाही.

जेवताना बाबांनी नेहमीचा विषय काढला. "खाली गेल्यावर पहिल्यांदा काय करायचं सांगू? कालव्यात पोहायचं. मी शिकवीन तुला. पाण्यात वजन कळतच नाही माणसाला."

"आधी हिला पेरू खायला घालायचा," आई म्हणाली. "तिखटमीठ लावून."

दोघं एकमेकांकडे पाहून हसले आणि मग कृत्तिकाकडे पाहायचं टाळत जेवत राहिले. बाबांचा हात ताटातून तोंडापर्यंत जाताना मधेच थांबला, विसाव्याला थांबावा तसा, आणि मग पुढे गेला.

कृत्तिकाने ताट बाजूला सरकवलं.  डॉक्टरांना सगळ्यांसमोर प्रश्न विचारणं याच्यापुढे काहीच नव्हतं.

"आई, बाबा, मधे बोलू नका, नाहीतर मला रडू येईल. आत्याशी मी दुपारी बोललेय. तिला सगळं सांगितलंय, ती फार रडली आणि हो म्हणाली. शर्यत मी पळणार आणि पुरी करणार, ते मला माहितेय. जहाजात मी एकटी बसणार. तुम्ही दोघांनी उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊन नाव मागे घ्यायचं. मी तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय."