पाहुणी की घरची

काजल गवई शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून खांबाला भोंगा बांधत होती, तेव्हा खालून कुणीतरी काहीतरी म्हणालं. काय ते तिला कळलं नाही. चिखलीच्या बाजाराचा दिवस, रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि त्यात हा आवाज म्हणजे नुसती फुंकर.

"जोरात बोला न," ती वरूनच म्हणाली.

खाली एक उंच, सडपातळ तरुण मान वर करून उभा होता. डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून त्यानं कपाळावर हात धरलेला. त्यानं पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तेच… नुसती हवा.

काजल खाली उतरली. पक्कड ओढणीला पुसली. "काय पाह्यजे?" तिनं विचारलं — आणि का कोण जाणे, तीही कुजबुजतच बोलली.

"माईक. उद्या सकाळसाठी. लहान चालेल."

"किती लोकं हायेत?"

"अकरा… बारा होतील असं वाटतंय."

"अकरा लोकाईले माईक कायले पाह्यजे?"

त्यानं गळ्याकडे बोट दाखवलं. "आवाज बसलाय, ताई. सहा महिने घरोघर हिंडून माणसं जमवली, उद्या पहिली उपासना, आणि नेमका आजच…" पुढचं वाक्य घशातच राहिलं.

काजलनं हसू दाबलं, पण ते डोळ्यांतून निसटलंच. "म्हंजे जिनिंगमागचे पाळकसाहेब तुम्हीच."

"साहेब कुठला. शांतवन साळवे. बीबी गावचा."

"तरीच. बोलनं अर्धं मराठवाड्यातलं वाटते." तिनं वहीत नाव लिहिलं, मग मान वर न करताच म्हणाली, "अन् ते ताई नका म्हनू. ताई म्हननारे पुष्कय हायेत मले."

तो नुसता हसला. हसायला आवाज लागत नाही.

दुकान काजलच्या वडिलांचं, दयाराम गवईंचं. मंडप, खुर्च्या, साऊंड. आई ती दहावीत असताना गेली. त्यानंतर आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स करून तारांचं सगळं काम तिनं स्वतःकडे घेतलं होतं. घर आणि दुकान दोन्ही बंद पडलेल्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या वस्तीत. बौद्धांची घरं जास्त, त्याखालोखाल मुसलमान, कडेला मातंगांची ओळ, आणि इकडेतिकडे विखुरलेली चार-पाच ख्रिस्ती कुटुंबं. या कुटुंबांना धरून तिथं नवी मंडळी म्हणजे चर्च उभं करायचं, म्हणून एका लहानशा मिशन बोर्डानं शांतवनला पाठवलं होतं. वस्तीनं त्याला आधी विमा एजंट समजून चहा दिला नाही, मग जनगणनेवाला समजून दिला. पुढे भाजी विकणाऱ्या गोजरबाईंच्या पोटात कळ उठली, तेव्हा जीपमध्ये घालून त्यानं त्यांना बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं आणि चार दिवस उशाशी बसून राहिला. बऱ्या होऊन आल्या तशा गोजरबाईंनी आपली टिनाची शेड त्याला उघडून दिली.

त्या शेडमध्ये रविवारी सकाळी काजल ॲम्प्लिफायर घेऊन मागे बसली. शांतवन माईकमध्ये कुजबुजत बोलला. परक्या दारात उभं राहताना पोटात कसा गोळा येतो, आणि आतून कुणी 'या' म्हटलं की तो कसा विरघळतो, एवढंच. काजलनं आवाजाचं बटण वाढवत नेलं. त्याचा श्वास, पाण्याचा घोट, मध्येच थांबून शब्द शोधणं, सगळं शेडभर ऐकू येत होतं. तिनं आजवर पुढाऱ्यांची भाषणं वाजवली होती, लग्नातली गाणी वाजवली होती. एका माणसाचा श्वास इतक्या जवळून तिनं पहिल्यांदाच ऐकला. बटणावरचं बोट तिनं उगाच तसंच ठेवलं.

आठ दिवसांत त्याचा गळा सुटला. तरी पुढच्या शनिवारी तो दुकानाच्या दारात हजर.

"आवाज तं चांगला खणखणीत झाला," काजल म्हणाली. "आता माईक कायले?"

"मागच्यांना ऐकू येत नाही."

"मागं मी एकटीच बसते."

तो गडबडला. "म्हणजे… तुम्हाला ऐकू यायला नको?"

तिनं वहीत नाव लिहिलं. त्यानंतर दर शनिवारी ती त्याला विचारायच्या आधीच लिहू लागली.

उपासना संपली की दोघं मिळून सामानाची हातगाडी दुकानापर्यंत ढकलत आणायचे. पाच मिनिटांचा रस्ता. तो पंधरा मिनिटांचा कधी झाला ते दोघांनाही कळलं नाही. गाडीच्या दांडीवर चार हात असायचे आणि दोघांच्या शेजारच्या करंगळ्यांमध्ये वीतभर अंतर. ते अंतर दोघंही अगदी सांभाळून ठेवत.

एकदा ती म्हणाली, "एक सांगून ठेवते. माहे आजोबा दीक्षेले नागपूरले गेले होते. थोडे पायी, थोडे मालगाडीनं. परत आले तं घरातले सारे देव नदीत सोडले. आमची निवड झाली हाय, पाळकसाहेब. माह्यावर मेहनत नका करू."

"मी कुठं करायलो?"

"मंग असे पाहून काऊन राह्यले?"

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "ते… ते वेगळं आहे," तो म्हणाला, आणि गाडी सरळ नालीच्या कडेला नेली.

फेब्रुवारीत बोर्डाचे प्रभुदासकाका वस्तीत आले. पांढऱ्या शर्टाचे, मृदू बोलणारे म्हातारे गृहस्थ. शेडमध्ये आता तीस-बत्तीस माणसं बसत होती, ते पाहून त्यांचे डोळे भरून आले. जाताना त्यांनी मागे बसलेल्या काजलकडेही हसून पाहिलं.

पुढच्या शनिवारी शांतवन दुकानात आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी काजलनं सकाळपासून एकच वायर तीनदा सोलली. नळावरच्या बायका बोलत होत्या तेही तिच्या कानावर आलं होतं — पाळकानं दयारामच्या पोरीला बाटवलं म्हणे. तिनं पक्कड ठेवली आणि दुपारीच शेडकडे निघाली.

शांतवन एकटाच होता. पत्र्याचं भोक डांबरानं बुजवत स्टुलावर उभा. ती दारात पोचली आणि अवकाळी पाऊस आला — थेंब थेंब नाही, एकदम धाडकन. टिनावर असा गोंगाट उठला की बोलायचं तर जवळ जाण्यावाचून इलाज नव्हता. दोघं शेडच्या कोरड्या कोपऱ्यात उभी राहिली. त्याच्या हातांना डांबराचा वास येत होता.

"माईक नाही लागत आता?" तिनं विचारलं.

"लागत कधीच नव्हता."

"मंग?"

त्यानं स्टुलावरची चिंधी उचलली. "काकांनी विचारलं, त्या मुलीचा बाप्तिस्मा कधी? मी म्हणालो, ती तिच्या कामासाठी येते. ते हसले. म्हणाले, बाप्तिस्मा होऊ दे, लग्नही लावून देऊ, मंडळीला चांगलंच." त्यानं हात चिंधीला पुसले, पुन्हा पुसले. "रात्रभर झोप लागली नाही. मी दारोदार फिरतो ते देवाचं सांगायला. आणि तुझ्या दारात येतो ते… खोटं बोलून येतो. गरज नसताना माईक मागतो. उद्या तू माझ्यासाठी बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरलीस, तर तो तुझा विश्वास राहणार नाही. माझी लबाडी राहील. म्हणून यायचं बंद केलं."

'तुम्ही'चं 'तू' झालेलं तिला लागलीच कळलं. पण आधी राग आला.

"मले कोनी विचारलं का?" ती म्हणाली. "काका ठरवते बाप्तिस्मा, तुम्ही ठरवता येनं बंद. नळावरच्या बाया ठरवतात का मी बाटली. अन् म्या? म्या काय ठरवलं ते कोनाले पाह्यजेच नाही."

"काय ठरवलंस?"

"धर्म नाही बदलनार. तुमच्यासाठी नाही, कोनासाठी नाही. तुमचा देव तुमच्यापाशी ठेवा. माहा रस्ता माह्यापाशी. आता सांगा, काय उरलं?"

पाऊस थोडा उतरला होता. पागोळ्यांच्या आवाजात तो सावकाश म्हणाला, "उरलो आपण दोघं."

"मंग… सांगा न काय सांगाचं ते."

"तू आवडतेस मला. शिडीवरून खाली उतरून माझ्याशी कुजबुजत बोललीस, त्या दिवसापासून. तुला बदलायची इच्छा नाही. तुला सोडायचीही नाही. दोन्ही कसं जमवायचं ते मला येत नाही, काजल."

तिनं त्याच्या हातातली चिंधी काढून घेतली आणि त्याच्या मनगटावरचा डांबराचा डाग घासू लागली. डाग निघत नव्हता. तो निघायला तिला नकोच होता.

"मले बी नाही येत," ती म्हणाली. "शिकू."

घरी जाऊन तिनं वडिलांना सगळं सांगितलं, लग्न करायचंय हेही. दयाराम कमी बोलणारा माणूस. त्यांनी ऐकून घेतलं, टोपी घातली आणि विहारात जाऊन बसले. आठवडाभर ते काजलशी बोलले नाहीत. पुढच्या रविवारी सकाळी मात्र इस्त्रीचा सदरा घालून ते शेडमध्ये गेले आणि शेवटच्या रांगेत मांडी घालून बसले. शांतवन बोलता बोलता दोनदा अडखळला.

उपासना झाल्यावर दयाराम उभे राहिले. "मी भांडाले नाही आलो," ते म्हणाले. "एक विचारतो. साऱ्याईच्या समोर विचारतो. माही पोरगी तुमच्या घरात आली, तिनं बुद्धवंदना सोडली नाही, बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावला, तं तुमच्या मंडळीत ते पाहुनी राहील का घरची?"

शांतवननं हातातलं बायबल मिटून ठेवलं. घाईघाईत दिलेलं उत्तर दयारामांना पटलं नसतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

"माझ्या घरात ती घरची राहील," तो म्हणाला. "भिंत तिचीही असेल. मंडळीचं मी एकटा सांगू शकत नाही. आणि खरं सांगतो दयारामकाका, बोर्डाला हे चालणार नाही. मी कळवलं होतं, तसं पत्र आलंय. असं लग्न केलं तर काम सोडावं लागेल, माझ्या जागी दुसरा येईल. मी उत्तर लिहून टाकलंय. लग्न करणार म्हणून."

काजल दारात उभी होती. पत्राचं तिला आत्ताच कळत होतं. तिनं चौकट घट्ट धरली.

गोजरबाई पुढच्या रांगेतून उठल्या. "दुसरा येईन तं येऊ दे, त्याले बी चहा देऊ," त्या म्हणाल्या. "पन शेड माही हाय. मी दवाखान्यात पडली तवा बोर्ड नव्हता आला, हा पोरगा आला होता. दिवसा कुठं बी नोकरी कर बाबू, रविवारी इथं बोल. अन् दयारामभाऊ, पोरगी मागं बसो का पुढं बसो, तिची मर्जी. घरची नाही तं काय? सहा महिने आमचाच आवाज सांभायते ते."

कुणी हसलं, कुणी मान हलवली. सगळ्यांना पटलं असं नाही. दोन कुटुंबं त्या दिवसानंतर आलीच नाहीत. घरी येऊन दयारामांनी काजलला फक्त इतकं विचारलं, "आधार कार्ड कुठं ठेवलं हाय तुहं?"

लग्न नोंदणी पद्धतीनं करायचं ठरलं. बुलढाण्याच्या कचेरीत दोघांची नावं लिहिलेली नोटीस तीस दिवस फळ्यावर लागली. शांतवन आता बाजारात एका अडत दुकानावर कारकुनी करत होता, हरभऱ्याची धूळ केसांत घेऊन संध्याकाळी काजलच्या दुकानाशी यायचा आणि विचारायचा, "हरकत आली का कुणाची?"

"आली," काजल रोज म्हणायची. "माही. केस झटका आधी."

विहारातल्या काही जणांनी मात्र दयारामांशी बोलणं सोडलं होतं. बीबीला शांतवनची आई त्याचा फोन उचलत नव्हती. प्रभुदासकाकांचं एकच पत्र आलं. नियम माझ्या आधीपासूनचा आहे, मला तो मोडता येत नाही. पण तुम्हा दोघांचं नाव मी रोज प्रार्थनेत घेतो, असं लिहिलेलं. शांतवननं ते घडी करून खिशात ठेवलं.

हरकत कुणाचीच आली नाही.

सह्यांच्या दिवशी तीन साक्षीदार लागत होते. दयाराम होते, गोजरबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. तिसऱ्यासाठी ते कचेरीतल्याच कुणाला विनवत होते, तेवढ्यात एसटीतून उतरून शांतवनची आई फाटकातून आत आली. हातात पिशवी, चेहरा अजून रुसलेलाच. तिनं काजलला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"विजेचं काम करतीस म्हणं. भ्या नाही वाटत?"

"वाटते न," काजल म्हणाली. "म्हनून तं नीट करते."

आईनं पिशवी दयारामांच्या हाती दिली आणि पेन मागितलं.

सह्या झाल्या. हार घातले गेले. सगळे चहाला पुढे गेले तेव्हा कचेरीच्या पायऱ्यांवर क्षणभर दोघंच राहिली. समोरच्या कडुनिंबाला मोहर आला होता, त्याचा कडू-गोड वास वाऱ्यावर होता. शांतवननं तिचा हात हातात घेतला — वीतभर अंतर न ठेवता.

"या रविवारी येशील उपासनेला?" त्यानं विचारलं.

"या रविवारी पौर्णिमा हाय. मी विहारात राहीन."

"बरं." तो थोडा थांबला. "मग दुपारी तुला न्यायला येऊ?"

"या न."

"बाहेर थांबू… का आत येऊ?"

काजलनं त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस इतक्या घरांच्या दारात उभा राहिला होता, आणि अजूनही आत येण्याआधी विचारत होता.

"चपला बाहेर काढा," ती म्हणाली, "अन् आत येऊन माह्यापाशी बसा."