आतल्या काचा

शनिवारी खिडक्या पुसायच्या, हा आमच्या वस्तीचा नियम माझ्या पणजीच्याही आधीचा. विटांची घरं, लाल चौकटी, पांढरे पडदे. जस्ताच्या भट्टीची काजळी आठवडाभर काचांवर बसायची, आणि जिची काच काळी राहिली तिची रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर चर्चा ठरलेली. पोलंडच्या या शिलेशियात बाईची अब्रू काचेवर असते.

मग भट्टी बंद झाली. धुराडं पाडलं तेव्हा सगळी वस्ती बघायला जमली होती. युरोपातल्या मोठ्या कारखान्यांनी हवेत, पाण्यात, जमिनीत काय सोडलं, ते दरवर्षी जाहीर होतं, कुणीही पाहावं. आमच्या भट्टीचे आकडे पर्यावरण खात्यात मी तपासत असे. शेवटचं शून्यही मीच मंजूर केलं. त्याच शून्याच्या भरवशावर माझ्या झुझाला घेऊन मी इथे परत राहायला आले. सहा वर्षांची पोर, दमेकरी. तिला स्वच्छ हवा हवी होती.

आल्यावर पहिल्याच शनिवारी समोरच्या ट्रुडामावशी बादली घेऊन खिडकीत दिसल्या.

"जित्याची खोड, मावशी!" मी अंगणातून म्हटलं. "भट्टी बंद होऊन चार वर्षं झाली."

"तू तुझं ऑफिस सांभाळ, सबीना."

"आणि बाहेरून पुसायचं राहिलं की."

"बाहेरून कशाला पुसू? बाहेर स्वच्छच आहे."

मला हसू आलं. मग मी इतर खिडक्यांकडे पाहिलं. प्रत्येक काचेवर एक हात फिरत होता, आतल्या बाजूने.

कोळशाच्या शेगड्या तर वस्तीतून कधीच गेल्या होत्या. मी मावशींचं फडकं मागून घेतलं आणि प्रयोगशाळेत दिलं. दोन दिवसांनी तिथल्या झेनॉनचा फोन आला.

"कुठली भट्टी आहे ही?"

"बंद पडलेली. का रे?"

"चेष्टा करू नकोस. जस्त आहे, शिसं आहे, आणि राख ताजी आहे. परवा-तेरवाची."

पुढच्या शनिवारी मी धूळ मोजायचं यंत्र घेऊन मावशींकडे गेले. मावशी केक आणायला बेकरीत गेल्या होत्या, किल्ली पायपुसण्याखाली. यंत्र टेबलावर ठेवलं, श्वास रोखून आकडा पाहिला. शून्य. खिडकी उघडली, तरी शून्य. हायसं वाटलं.

दार वाजलं. जिना चढून आलेल्या मावशी धापा टाकत समोरच्या खुर्चीत बसल्या. आकडा वर गेला.

"कपड्यांवरची धूळ असेल," मी म्हटलं. "जरा स्वयंपाकघरात थांबता का?"

त्या गेल्या. आकडा खाली आला. मी श्वास रोखून बघत होते. तेवढ्यात त्यांनी दारातून डोकावून विचारलं, "कॉफी घेतेस ना?"

आकडा चढला.

मावशींनी एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. केक तसाच कागदात ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "पोरीला घेऊन जा इथून. तुमच्या काचा काळ्या व्हायच्या आत."

यंत्र तिथेच सोडून मी अंगण ओलांडलं.

झुझा खिडकीशी खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती. बाहेर कडाक्याची थंडी. ती काचेवर हा करून वाफ सोडत होती आणि वाफेत बोटाने फूल काढत होती.

"आई, बघ ना. कालचं पण अजून आहे."

वाफ विरली. फूल तसंच राहिलं.

मी त्यावर बोट फिरवलं. बोट काळं झालं.

पलंगाखालची बॅग ओढली. झुझाचे दोन स्वेटर आत टाकले. मग हात थांबले. हवा स्वच्छच होती. पळायचं ते कशापासून?

मी बादली भरून आणली.

समोर ट्रुडामावशी फडकं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी फक्त मान हलवली.

मी आतून पुसायला लागले. पुसलेल्या जागी माझा श्वास लागला की काच पुन्हा काळवंडत होती.

म्हणून मी श्वास रोखला, आणि झुझालाही रोखायला सांगितलं.