वरची जकात

जुन्नरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत रहमतुल्लांचं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, पिकअप, टोमॅटोचे टेम्पो, जे येईल ते तिथं दुरुस्त होतं. गेल्या वर्षी पावसाळा सरत आला असताना तिथं एक निळी परदेशी व्हॅन आली, तीही ट्रॅक्टरला साखळीनं बांधून. चालवणारी होती मार्गिट नावाची हंगेरीची बाई, साठीच्या पुढची आणि एकटी. नवरा गेल्यावर तिनं राहतं घर विकलं होतं, आणि तेव्हापासून ही व्हॅन हेच तिचं घर होतं. लेणी बघून ती नाणेघाटाकडे निघाली आणि घाटघरच्या अलीकडे मागच्या अॅक्सलमध्ये काहीतरी खळकन फुटलं.

अॅक्सल उघडला तो रहमतुल्लांच्या मुलीनं, शमानं. अवसरीच्या कॉलेजातून मेकॅनिकल करून, चाकणला नोकरी करून, ती आपणहून गॅरेजात परत आली होती. आत क्राऊन-पिनियनचा चुरा झाला होता. क्राऊन म्हणजे ताटलीएवढं दातेरी चाक आणि पिनियन म्हणजे त्याला फिरवणारा लहान गिअर. दोन्हींचे दाते एकमेकांत बसले तरच मागची चाकं फिरतात.

"इथं मिळेल?" मार्गिटनं इंग्रजीत विचारलं.

"ही गाडीच आपल्याकडं न्हाई, तर पार्ट कुठला मिळायला?" रहमतुल्ला म्हणाले, आणि शमानं ते जरा मऊ करून सांगितलं.

मार्गिटच्या ओळखीच्या एकानं तिकडच्या एका जुन्या व्हॅनमधून जोडी काढून विमानानं पाठवली. ती मुंबईत आली आणि कस्टममध्ये अडकली. इकडे गाडीची मुदत संपत आली होती. परदेशी गाडी ठरलेल्या तारखेच्या आत देशाबाहेर गेली पाहिजे, नाहीतर ती जप्त होते. मार्गिटला नेपाळची हद्द गाठायची होती. ती रोज सकाळी गॅरेजच्या पायरीवर काळा चहा घेऊन बसायची आणि काही विचारायची नाही. ते न विचारणंच शमाला जास्त लागायचं.

"मी जाऊन घेऊन येते," एके दिवशी शमा म्हणाली.

कस्टममध्ये तिला प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न विचारला गेला. काय आहे यात? वापरलेला पार्ट आहे, मग भंगार म्हणून आणताय का? कुणाच्या नावावर? बिल कुठाय? शमा चिडली नाही. एक कागद कमी आहे म्हटलं की ती तो आणायची आणि पुन्हा रांगेत उभी राहायची. शेवटी एका अधिकाऱ्यानं खोका उघडायला लावला. बिलावर क्राऊनचे दाते एक्केचाळीस लिहिले होते. त्याच्यासमोर तिनं एका दात्यावर खडूची खूण केली आणि बोट फिरवत मोजले. बरोबर एक्केचाळीस. त्यानं मान हलवली. तिनं जकात भरली, शिक्का घेतला आणि लाकडी खोका उचलून कल्याणला जुन्नरची एसटी पकडली.

एसटी टोकावड्याच्या पुढं वैशाखऱ्यापाशी थांबली. माळशेजात दरड आली होती. गाड्यांची रांग लागली होती, पोलीस म्हणत होते, आज काही खरं नाही. मागं फिरून पुण्यावरून जायचं तर आख्खा दिवस गेला असता, आणि तेवढा दिवस आता हातात नव्हता. शमानं वर पाहिलं. समोर सह्याद्रीची भिंत उभी होती आणि तिच्यात नाणेघाटाची खाच स्पष्ट दिसत होती. त्या खाचेच्या पलीकडे घाटघर, तिथून जुन्नर.

तिनं अब्बांना फोन लावला. "जीप घेऊन नाणेघाटाच्या माथ्यावर या. मी चालत वर येते."

"वझं घेऊन?"

"हो."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "दिवस हाये तवर ये."

फाट्यावरच्या चहावाल्यानं तिला सावळेराम नावाचा माणूस गाठून दिला. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. त्यानं डोक्यावर चुंबळ ठेवली, खोका चढवला आणि चालू लागला. ऊन स्वच्छ होतं. ओढ्यांना पाणी होतं, वाटेवर सोनकी फुलली होती. शमा आठवडाभर बंद खोल्यांत उभी राहिली होती, त्यामुळे तो चढ तिला आवडलाच.

झाडी संपून दगडी फरसबंदी लागली तेव्हा सावळेराम एकाएकी वाटेच्या कडेला सरून उभा राहिला. मागून कुणी येतंय आणि त्याला पुढं जाऊ द्यावं, असा. शमाही सरली. मागं कुणी नव्हतं. जनावरांच्या घामाचा उग्र वास आला, वाटेकडेचं गवत वाकलं, पुन्हा सरळ झालं. सावळेराम परत चालू लागला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काय न्हाय. गर्दी हाय आज."

तिला वाटलं, वर पर्यटक असतील. पण आठवड्याचा मधला वार होता. वळणावरून वरची बरीच वाट दिसत होती आणि तिच्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यानंतर आणखी काही वेळा तो तसाच बाजूला सरला. पुढच्या खेपांना शमानं विचारलं नाही. तीही सरत राहिली. एकदा तिच्या खांद्याला काहीतरी घासून गेलं, गोणपाटासारखं खरखरीत आणि ऊबदार. वाराच असेल, असं म्हणून तिनं पाऊल उचललं.

लेण्यापाशी सावळेरामनं खोका खाली ठेवला. भिंतीवरच्या प्राचीन अक्षरांकडे त्यानं पाहिलंही नाही.

"हितवर माजं काम. हितनं वर धन्यानं न्यायचं असतं."

"अहो, थोडंच तर राहिलंय."

"थोडंच हाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात भीती नव्हती. शेवटचा स्टॉप आला की कंडक्टर सांगतो, तसं त्यानं सांगितलं होतं. ठरलेले पैसे कमरेला खोचून तो उतरू लागला आणि उतरताना पुन्हा एकदा कडेला सरून थांबला.

शमानं खोका खांद्यावर घेतला. घाटाची शेवटची नळी अरुंद आहे, दोन्ही बाजूंना कातळ. वारा समोरून येत होता. दर काही पायऱ्यांनी ती थांबायची, खांदा बदलायची. पार्ट आज रात्री बसला पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

नळी संपते तिथं तो दगडी रांजण आहे. जुन्या काळी घाट चढून आलेल्या व्यापाऱ्यांची जकात त्यात पडायची असं सांगतात. शमा शाळेच्या सहलीला तिथं आली होती. आज रांजणाला टेकून एक माणूस बसला होता. साधा सदरा, डोक्याला फडकं. वय सांगता आलं नसतं. गावच्या समितीचा पावती फाडणारा असेल, असं तिनं धरलं.

"काय आणलं?" त्यानं विचारलं.

तोच प्रश्न. शमानं खोका खाली टेकवला.

"गाडीचा पार्ट आहे. जकात भरलीय मुंबईला. कागद आहेत."

तिनं शिक्का मारलेला कागद पुढं धरला. त्यानं तो हातात घेतला नाही.

"ती खालची. ही वरची."

"मी आता एक रुपयाही देणार नाही."

"पैसं न्हाई घेत हितं."

"मग?"

"जे चढून आलं, त्यातलं थोडं."

त्याचा आवाज कोरडा होता. त्यात हाव नव्हती, दमदाटीही नव्हती. आठवडाभर ऐकलेल्या आवाजांसारखाच होता तो. पलीकडे पठारावर अब्बांची जीप दिसत होती. शमाचे खांदे सोलपटले होते. ती इतक्या लांबून आली होती ती इथं अडायला नाही.

"घ्या काय घ्यायचं ते," ती म्हणाली. "पण मी हे घेऊन जाणार."

त्यानं मान डोलावली. खोक्याच्या झाकणावर हात ठेवला. खिळे तसेच होते.

मग त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ.

"जा."

तिनं खोका उचलला. वजन तेवढंच होतं.

चार पावलांवर तिला मागं आवाज आला. रांजणात खडा पडावा तसा.

टक्.

ती थांबली नाही.

थोड्या वेळानं पुन्हा एक आला. पहिल्याहून हलका.

जीपपाशी अब्बांनी खोका घेतला. "एवढा येळ रांजणापाशी काय करत व्हतीस?"

"समितीवाला होता ना. तुमची पावती फाडली का त्यानं?"

"माझी पावती पार्किंगला फाडली. ती पोरगी बसते तिथं." त्यांनी रांजणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि जीप चालू केली.

संध्याकाळी गॅरेजात शमानं खोका उघडला. क्राऊन तेलकागदात तसाच होता, अधिकाऱ्यासमोर केलेली खडूची खूणही तशीच. सवयीनं तिनं बोट फिरवलं.

चाळीस.

तिनं पुन्हा मोजले. अब्बांनी चष्मा लावून मोजले. मग जुना फुटका क्राऊन आणून तुकडे जुळवून मोजले. ते एक्केचाळीस होते. नव्यावर कापल्याची, घासल्याची, वितळवल्याची कसलीही खूण नव्हती. दात्यांमधली अंतरं तिनं कॅलिपरनं मापली. सगळी सारखी होती. चाकाचा व्यास जुन्याइतकाच होता.

"मुंबईत चुकलं आसंल मोजताना," अब्बा म्हणाले.

"बिलावर लिहिलंय, अब्बा. आणि मी त्यांच्यासमोर मोजलेत."

"मग?"

"मग हे बसायलाच नको. पिनियन याला अडकला पाहिजे."

मार्गिट पायरीवरून उठून दारात आली होती. तिला मराठी कळत नव्हतं, पण ती दोघांचे चेहरे वाचत होती. शमानं तिच्याकडे पाहिलं आणि पाना उचलला.

"बसवून बघू," ती म्हणाली.

तिनं दात्यांना निळी शाई लावली, जोडी अॅक्सलच्या पेटीत, हौसिंगमध्ये बसवली आणि हातानं फिरवली. कुठं खरखर नाही, कुठं अडणं नाही. शाईचा ठसा प्रत्येक दात्याच्या बरोबर मधोमध उमटला. रहमतुल्लांनी आपणही एकदा फिरवून पाहिलं. "चाळीस वर्सं झाली मला या धंद्यात," ते म्हणाले. "अशी बसलेली जोडी न्हाई बघितली." पण त्यांनी लगेच हात काढून फडक्याला पुसला, आणि पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी शमा व्हॅन घेऊन ओझरपर्यंत जाऊन आली. आवाज नाही, गरमी नाही. मार्गिटनं तिला घट्ट मिठी मारली आणि कुणाच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत गाडी सुरू केली. मुदत संपायच्या आत तिचा मेसेज आला. हद्दीच्या पलीकडे निळी व्हॅन उभी होती, मागं डोंगर होते. शमानं तो फोटो अब्बांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "चला, गेली ती घरी."

त्या दिवशी शमा पोटभर जेवली. जेवून उठताना, लहानपणापासूनच्या खोडीनं, तिची जीभ डाव्या बाजूच्या खालच्या दाढेकडे गेली. शाळेत असताना डॉक्टरांनी तिच्यात चांदी भरली होती, आणि तो खडबडीत ठिपका चाचपणं हा तिचा चाळाच होता. व्हॅनच्या काळजीत इतके दिवस तिकडं लक्षच गेलं नव्हतं.

जिभेला सगळं गुळगुळीत लागलं.

ती मोरीजवळच्या आरशापाशी गेली. मोबाइलचा टॉर्च लावून तिनं गाल बाजूला ओढला. चांदी भरलेली दाढ कुठंच नव्हती. जखम नव्हती, सूज नव्हती. फटही नव्हती. पुढचा आणि मागचा दात एकमेकांना खेटून उभे होते, कायम तसेच असल्यासारखे.

आतून अब्बांनी हाक मारली. शमानं टॉर्च बंद केला आणि हळूच जबडा मिटून पाहिला.

वरचे दात खालच्यांवर अगदी बरोबर बसले.