शेजारच्यांसाठी दुसरं कार्ड

जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली होती. खुर्चीत बसलेल्या बाई मजेत इकडेतिकडे बघत होत्या, आणि खुर्ची मागून धरणाऱ्या माणसाचा जीव मात्र मेटाकुटीला आला होता. लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी ती कामावरून घरी येत होती, भिजलेली छत्री हातात, आणि वर जायला वाटच नव्हती.

"जरा पुढचे पाय धरता का?" त्याने विचारलं. मग घाईघाईने म्हणाला, "खुर्चीचे... आईचे नाही."

तिला हसू आलं. छत्री कोपऱ्यात टेकवून तिने खुर्चीचे पाय धरले.

"हळू हं," बाई म्हणाल्या. "मी काचेची आहे."

तिसऱ्या मजल्यावर खुर्ची टेकली तेव्हा तिला कळलं की हे तिचे नवे शेजारी. मायलेक. आईंच्या छातीत पाणी व्हायचं, पायांत जोर उरला नव्हता. मुलगा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवायचं काम करायचा. त्याने आभार मानले, आणि तिच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला.

"काय झालं?"

"काही नाही... तुमचा चष्मा वाकडा बसतोय. डावीकडून." आणि तो एकदम ओशाळला. "सवय आहे हो. माणसांकडे आधी चष्मा म्हणूनच बघतो मी."

घरात येऊन तिने आरशात पाहिलं. चष्मा वाकडा होता. कितीतरी दिवस असणार. ते सांगणारं घरात कोणी नव्हतं.

लहानपणापासून तिला मावशीने वाढवलं होतं. मावशी गेली आणि हे घर तिच्या एकटीचं झालं. दिवसभर ती एका मोठ्या ग्रंथालयातले संगणक सांभाळायची आणि संध्याकाळी घरी आपल्या लिनक्सच्या संगणकासमोर बसायची. तो तिने स्वतः सुटे भाग जमवून जोडला होता. त्याच्या पंख्याची घरघर हीच काय ती घरातली सोबत.

पंधरवड्याने दारावर टकटक झाली. तो उभा होता, दुकानातून थेट आलेला, खिशात इवलासा पेचकस.

"एक विचारायचं होतं. तुमच्याकडे इंटरनेट आहे ना?"

फोनवर माणसाचा चेहरा दिसण्याचे दिवस अजून यायचे होते. त्याची थोरली बहीण परदेशात होती. तिला दिवस गेले होते, जपायला सांगितलं होतं, प्रवास करायची सोय नव्हती. आईंना लेकीला बघायचं होतं. ताईने कॅमेरा पाठवला होता, जुना संगणकही घरात होता. पण कंपनीचा माणूस म्हणाला होता की या इमारतीत नवी जोडणी द्यायला जागाच शिल्लक नाही, दीड-दोन महिने थांबा.

"डॉक्टर..." तो म्हणाला आणि थांबला. "डॉक्टर दीड-दोन महिन्यांचं काही बोलत नाहीत."

मावशी गेली त्या दिवशी ती दुसऱ्या गावी परीक्षेला बसली होती. निरोप मिळून परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. शेवटचं एक वाक्यसुद्धा बोलता आलं नव्हतं, साधं 'निघालेय' एवढंही.

"आत या," ती म्हणाली. "माझ्याकडे एक जादा नेटवर्क कार्ड पडलंय. ते माझ्या संगणकात बसवते. तिथून तुमच्या घरापर्यंत वायर टाकू. माझं इंटरनेट तुमच्याकडेही येईल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं कामाला लागले. तिच्या गॅलरीतून त्याच्या गॅलरीत वायर गेली. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता, आणि कठड्यावरून वायर झेलताना त्याच्या शर्टाची एक बाही पार भिजून गेली. तिने संगणकाची बाजूची पत्र्याची झडप काढली, जुनं कार्ड फुंकरून साफ केलं आणि मदरबोर्डवरच्या खाचेत दाबून बसवलं. स्क्रू घट्ट करायला पेचकस मात्र त्याचाच चालला.

"पण एक कार्ड आहे ना आत आधीच? दुसरं कशाला?" त्याने विचारलं.

"एका कार्डाला एकच वायर लागते. हे पहिलं, याच्यातून सगळं जग आत येतं. आणि हे दुसरं. याच्यातून तुम्ही."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. ती उगाचच स्क्रीनकडे वाकली.

"म्हणजे जगाच्या आणि माझ्या मध्ये तुम्ही," तो गंभीरपणे म्हणाला.

"माझा संगणक."

"हो हो. संगणक. तेच म्हणतोय मी."

तिने दोन्ही कार्डांना आपापले पत्ते दिले, संगणक पुन्हा सुरू केला. आणि त्याच्या घरात तर काही आलं नाहीच, तिचंही इंटरनेट बंद पडलं! तिने कपाळाला हात लावला. पुन्हा फाईल उघडून ओळीवरून बोट फिरवत गेली.

"अरे देवा. बाहेर जायचा रस्ता म्हणून मी दोन्ही कार्डांना वेगवेगळं ठिकाण लिहिलंय. आता याला काहीही विचारा, हा तुमच्या घराकडे बोट दाखवतोय."

"चांगला आहे की मग."

"शहाणा नाही. तुमच्या घरातून पुढे रस्ताच नाही."

"ते मात्र खरं," तो हळूच म्हणाला, आणि त्या तीन शब्दांत एवढा थकवा होता की तिची बोटं थबकली. तिने वर पाहिलं. तो गॅलरीच्या दारातून आपल्या घराकडे बघत होता. तिकडून आईंच्या खोकल्याचा आवाज येत होता.

तिने चुकीची ओळ पुसली. मग शेवटची आज्ञा लिहिता लिहिता, त्याचं मन दुसरीकडे वळावं म्हणून, समजावू लागली. "आता तुमच्याकडून जे काही बाहेर जाईल, ते माझ्या पत्त्यावरून जाणार. बाहेरच्यांना दोन घरं दिसणारच नाहीत. त्यांना वाटणार..."

"काय वाटणार?"

"की इथे एकच घर आहे," ती म्हणाली. कान तापले तिचे. हात पुढे करून त्याने तिचा चष्मा अलगद काढला, दांडी दोन बोटांत धरून जराशी वाकवली, आणि पुन्हा तिच्या हातात ठेवला. डोळ्यांवर ठेवला नाही, हातात ठेवला. ते तिला फार आवडलं.

त्या संध्याकाळी आईंनी लेकीला पाहिलं. चित्र अडखळत होतं, ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचे. पण आईंनी स्क्रीनवर तळहात टेकवला आणि म्हणाल्या, "अगं, किती वाळलीस!" सात महिन्यांचं पोट घेऊन बसलेली ताई रडता रडता हसत सुटली. शेजारीण दारातूनच परत फिरायला लागली, तर आईंनी हाक मारली. "तू कुठे चाललीस? ये, बस. ही बघ गं आपली शेजारीण. हिनेच तुला इथे आणलं."

मग तो रोजचाच परिपाठ झाला. संध्याकाळी ताई यायची, गप्पा व्हायच्या, आणि शेजारणीला खुर्ची ठेवलेली असायची. ताईचं बोलणं संपलं तरी ती कधी लगेच उठायची नाही. आई झोपल्या की दोघं गॅलरीत उभी राहायची. तो दुकानातल्या गोष्टी सांगायचा. पहिल्यांदा चष्मा लावून झाडाची पानं सुटी सुटी दिसल्यावर रडलेल्या एका आजोबांची, आपला नंबर वाढलेलाच नाही म्हणून भांडणाऱ्या एका वकिलीणबाईंची. ती ऐकायची. आपणही इतकं बोलू शकतो हे तिला नव्याने कळत होतं.

आई मात्र खंगत चालल्या होत्या.

वीज गेली की संगणक बंद पडायचा, म्हणून तिने आपल्या घराची किल्ली त्याच्याकडे देऊन ठेवली होती. एका दुपारी ती ग्रंथालयात असताना त्याचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"आईला धाप लागलीय. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, कोणाला बोलवायचं असेल तर... ताई तिकडे उठून बसलीय, वाट बघतेय. वीज गेली होती, आता आलीय. मी तुमचा संगणक सुरू केला, पण काहीच येत नाहीये. काहीच नाही."

"तू आधी शांत हो," ती म्हणाली. 'तुम्ही' कुठे गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. "ऐकतोस ना? मी आहे फोनवर. माझ्या खुर्चीत बस. पासवर्ड विचारतोय?"

"हो."

ती क्षणभर थांबली. आसपास लोक वाचत होते. "चिमणी," ती म्हणाली. "मावशी म्हणायची मला."

तो हसला नाही. कळा दाबल्याचा आवाज आला. मग ती एकेक अक्षर सांगत गेली आणि तो टाईप करत गेला. स्क्रीनवर दोन्ही कार्डांची यादी उमटली.

"पहिल्या कार्डासमोर जो लांबलचक क्रमांक आहे, त्याची शेवटची दोन अक्षरं वाच."

"बी... सात."

बी सात म्हणजे त्याच्या घरासाठी नंतर बसवलेलं जुनं कार्ड. ते पहिलं कसं झालं? आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. संगणक सुरू होताना कधी हे कार्ड आधी सापडतं, कधी ते, आणि जे आधी सापडेल त्याला तो पहिलं म्हणतो. नावं पक्की बांधून ठेवायला हवी होती. करू सावकाश, म्हणून तिने ते टाळलं होतं.

"कार्डांच्या नावांची अदलाबदल झालीय. तू फक्त मागच्या दोन वायरी काढ आणि याची त्याच्यात, त्याची याच्यात लाव. टक्क आवाज यायला हवा."

टेबल सरकल्याचा आवाज. टक्क. मग पुन्हा टक्क.

"हिरवा दिवा लागला... दोन्हीकडे!"

"जा. पळ."

फोन त्याने शर्टाच्या खिशात तसाच टाकला असावा. पावलं ऐकू आली, दार ऐकू आलं. मग बराच वेळ नुसता श्वासांचा आवाज, जड, तुटक. आणि मग फार लांबून ताईचा आवाज आला, "आई, मी आहे. आई, बघ ना इकडे."

"आलीस का गं?" आई म्हणाल्या.

फोन ठेवून द्यायला हवा होता. तिच्याने ठेववेना. पुस्तकांच्या दोन उंच कपाटांमध्ये ती फोन कानाला लावून उभी राहिली, आणि एका अनोळखी लेकीने आपल्या आईला सांगितलेलं सगळं तिने ऐकलं. बाळ लाथा मारतं, मुलगी झाली तर तुझंच नाव ठेवणार, मी रागावून गेले होते तेव्हा बोलले ते मनापासून नव्हतं गं. आईंचा आवाज फारसा आलाच नाही. एकदा फक्त, "माहितीय मला." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते ताईच्या आईसाठी होतं की मावशीसाठी, हे तिला सांगता आलं नसतं.

आई पहाटे गेल्या.

ताई आली ती बाळंत झाल्यावर, दोन महिन्यांच्या लेकीला घेऊन. मधल्या काळात त्याने सगळं रीतसर केलं. आईचे कपडे वाटले, औषधं परत दिली, दुकान चुकवलं नाही. रडला मात्र नाही. गॅलरीतल्या गप्पा थांबल्या. दोघं पुन्हा 'तुम्ही' म्हणू लागली, जणू त्या दुपारी फोनवर बोलणारी माणसं दुसरीच कोणी होती. ती रोज काहीतरी बोलायचं ठरवायची आणि रोज चहाचा कप त्याच्या हातात देऊन परत यायची.

ताई तिला भेटायला आली. बाळ तिच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "तुझे उपकार कसे फेडू? बरं, भावाला मी तिकडेच नेतेय. इथे एकटा काय करणार? तिकडे चष्म्याची दुकानं काय कमी आहेत?"

"छानच होईल," ती म्हणाली. बाळाने तिचं बोट घट्ट धरलं होतं. ते सोडवायला तिला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो वायर काढायला आला. गॅलरीतून त्याने ती ओढून घेतली आणि खाली बसून गुंडाळायला लागला. कोपरापासून पंज्यापर्यंत, एकेक वेढा, नीट.

"कार्डही काढून घ्या," तो म्हणाला. "आता काय उपयोग त्याचा."

तिने झडप काढली. पेचकस स्क्रूवर टेकवला. आणि हात तसाच राहिला.

"माझी मावशी गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हते," ती संगणकाकडे बघतच म्हणाली. "सांगायचं होतं ते राहून गेलं. लोक म्हणतात, तिला कळलं असेल. असेलही. पण मी बोलले नाही ते नाहीच. मला ते पुन्हा नकोय." ती वळली. "ताईंबरोबर जायचं तर जा. तिकडे तुझी माणसं आहेत, मी अडवणार नाही. पण माहीत असू दे तुला... तू इथे हवा आहेस मला. शेजारी म्हणून नाही. माझा म्हणून."

वेढे थांबले. तो खाली मान घालून बसला होता.

"मी ताईला अजून हो म्हटलेलं नाही," तो म्हणाला. "रोज विचारते ती. रोज म्हणतो, उद्या सांगतो. मला वाटलं... तू आमच्यासाठी जे केलंस ते आईसाठी केलंस. आई गेली. आता मी कोणत्या तोंडाने येऊ?"

"याच," ती म्हणाली.

तो हसायला गेला आणि हसू मध्येच मोडलं. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम वर आलं. वायरीचा अर्धा वेढा हातात घेऊन तो लहान मुलासारखा हुंदके देत राहिला. ती त्याच्यासमोर फरशीवर बसली. त्याचं डोकं तिने खांद्यावर घेतलं आणि केसांतून हात फिरवत राहिली.

"थांबतो मी," तो तिच्या खांद्यात तोंड खुपसूनच म्हणाला. "इथेच."

ताई त्याला जेवायला बोलवायला आली होती. उघड्या दारात ती बाळाला कडेवर घेऊन क्षणभर उभी राहिली, मग पावलं न वाजवता मागे फिरली. दोघांनाही ती दिसली नाही. थोड्या वेळाने गॅलरीतून फक्त तिचा आवाज आला. फोनवर ती कोणाला तरी समजावत होती, "हो हो, तारीख तीच. मोठ्यांची दोन नकोत आता. एकच तिकीट द्या."